चावी आजीच्या कनवटीला

अकोल्याहून रेल्वेने अमरावतीकडे निघालात की वाटेत मूर्तिजापूर, बडनेरा लागतं. खिडकीबाहेर काळी जमीन, कपाशी आणि तूर. या वऱ्हाडात एक संवाद घरोघरी ऐकू येतो. पुण्यात नोकरी करणारा मुलगा म्हणतो, "आई, आता आमच्याकडेच राहा." आणि आजी ओसरीवरून उत्तर देते, "मी माह्यं घर सोडून कुठीच येत नाई, बाप्पा!"

आजी हट्टी वाटली ना? पण तिचंही ऐका. शेजारीण, देऊळ, ओळखीचा भाजीवाला, सगळं तिथंच आहे. घराची चावी तिच्या कनवटीला आहे. कधी जेवायचं, रेडिओ किती मोठा लावायचा, हे तीच ठरवते.

मग अशा आजी-आजोबांनी राहायचं तरी कसं? चला, पाहू या.

पहिली सोय आपल्याच घरात. अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपुढे जातो. वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो. वीज गेली की लिफ्टही बंद! म्हणून म्हाताऱ्या माणसांना तळमजला बरा. न्हाणीघरात धरायला दांडी आणि रात्री मंद दिवा, एवढ्यानं किती पडणं टळतं!

अमरावतीला बाहेरगावची मुलं शिकायला येतात. एक खोली त्यांना दिली तर भाडं मिळतं आणि रात्री हाक मारायला माणूसही असतं. पुण्यात तर 'अथश्री'सारख्या खास ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहती आहेत. घर स्वतःचं, मदत हाकेच्या अंतरावर. मात्र ते सर्वांच्या खिशाला परवडत नाही.

अमरावतीजवळ वलगाव आहे. तिथे पेढी नदीच्या काठी २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांनी देह ठेवला. स्वतःला घर न बांधता त्यांनी लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या. त्याच वलगावात त्यांच्या नावाचा वृद्धाश्रम आहे. कुणाला तिथे नाइलाजानं जावं लागतं, तर कुणी समवयस्कांची सोबत हवी म्हणून आपणहून जातं. या दोन्हींत फार अंतर आहे, बरं का!

अमरावतीचं तपोवनही पाहा. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी, म्हणजे दाजीसाहेबांनी, १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी ते उभारलं. बरे झाल्यावरही अनेकांना घरची दारं बंद होती. त्यांना इथे नुसतं छप्पर मिळालं नाही, कामही मिळालं. शेती, सुतारकाम, विणकाम करत ते कष्टाची भाकर खात म्हातारे झाले. मदत घेऊनही माणूस ताठ मानेनं राहू शकतो, हे तपोवनात दिसतं.

कायदाही पाठीशी आहे. २००७ च्या कायद्यानुसार आईवडील मुलांकडे निर्वाहखर्च मागू शकतात. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून दिलं आणि मुलांनी सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं.

आता तुमचं काम. रविवारी आजी-आजोबांच्या खाटेपासून न्हाणीघरापर्यंत चालून पाहा. किती पायऱ्या? उंबरठा किती उंच? दिव्याचं बटण हाताशी येतं का? सगळं वहीत मांडा आणि बाबांना दाखवा. पण काय बदलायचं, ते आधी आजीलाच विचारा हं!