खामगाव की शेगाव?

बदलीचं ऑफिस खामगावात. मग राहायचं कुठे, हा प्रश्नच पडायला नको होता. पण आईने 'शेगाव' म्हटलं आणि घरात दोन तट पडले.

दोन्ही गावांत अंतर जेमतेम सोळा-सतरा किलोमीटर. शेगाव मुंबई-हावडा मुख्य मार्गावर, गाड्यांची चंगळ. खामगावची गाडी जलंब जंक्शनपर्यंतच. इंग्रजांनी 1870च्या सुमारास कापूस न्यायला टाकलेला तो फाटा. कापसाची ती मिजास आता ओसरली, तरी बाजारपेठ म्हणून खामगावच उजवं. चांदीचा व्यापार, मोंढा, दवाखाने, सगळं हाताशी.

शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरामागच्या गल्लीत एक घर पाहिलं. हवेशीर, भाडं परवडणारं. मी नळ सोडला, ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकलो. घरमालक हसून म्हणाले, "भाऊ, ते बोरचं हाय. वापराले चालते, प्याले नाई." पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तो हाच. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. प्यायचं पाणी येईल त्या दिवशी भरून ठेवायचं. शिवाय गुरुवारी, एकादशीला, प्रकटदिनाला गल्लीत स्कूटरही शिरणार नाही. (कचोरी मात्र उठल्याबसल्या. हा मुद्दा मी मोठ्याने मांडला नाही.)

आईचं म्हणणं एकच: "महाराजांच्या गावात राहायचा योग येतो का रोज?"

मी खामगावच्या बाजूने आहे. दर गुरुवारी तिला एसटीने दर्शनाला नेईन, असं कबूल केलंय. बायकोने लगेच विचारलं, "आणि कचोरी?"