चुका मोजाव्यात की तोलाव्यात?

मुद्रिते तपासणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना एक खोड जडते. लग्नपत्रिका हातात पडली, तरी तो वधूवरांची नावे नंतर वाचतो. आधी ऱ्हस्व-दीर्घ पाहतो. आयुष्याची बरीच वर्षे छापखान्यात काढल्यामुळे ही खोड मला पुरेपूर ठाऊक आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, १९७२ साली त्यांत भर पडून ते १८ झाले. या नियमांनी काय बरोबर आणि काय चूक ते सांगितले. कोणती चूक किती वजनाची, हे मात्र सांगितले नाही. 'विहिर' असे छापले गेले, तरी तहानलेल्याला पाणी दिसते. पण 'स्वातंत्र्यदिना'त दीर्घ 'दी' पडली, की स्वातंत्र्यच दीन होऊन बसते. लाल शाईला मात्र दोन्ही सारखीच.

उतारवयात मला संगणकाची गोडी लागली, आणि तिथेही हाच प्रश्न वाट पाहत उभा असलेला दिसला. संकेतस्थळाचे पान ज्या खुणांच्या भाषेत बांधतात, तिला एचटीएमएल म्हणतात. इथे परिच्छेद सुरू झाला, इथे संपला, हे शीर्षक, हे चित्र, अशा त्या खुणा. आपल्या मुद्रितावरच्या खुणांची ही चुलतबहीणच म्हणा ना! त्या नियमाप्रमाणे पडल्या आहेत की नाहीत, हे तपासणारा एक यांत्रिक तपासनीसही आहे. त्याला व्हॅलिडेटर म्हणतात. वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९७ पासून तो सर्वांना फुकट खुला ठेवला आहे. पानाचा पत्ता द्या, चुकांची यादी घ्या.

ही यादी कुणाच्या पोटावर कशी येते, त्याचा एक प्रसंग सांगतो. आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयाचे संकेतस्थळ गावातल्याच एका मुलाने तयार केले. कार्यकारिणीतल्या कुणीतरी ते या तपासनिसाकडून तपासून घेतले आणि ६४ चुकांची यादी छापून बैठकीत मांडली. "चौसष्ट चुकांच्या कामाला पूर्ण पैसे?" असा सवाल झाला आणि मुलाची उरलेली रक्कम अडली. यादी फिरत फिरत माझ्याकडे आली, कारण दुसऱ्यांच्या चुका वाचून पोट भरलेला गावात मी एकटाच. मुलगाही आला. म्हणाला, "काका, पान तर सगळ्या फोनवर नीट दिसतंय की ओ. मग ह्या चुका कुठल्या?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर ब्राउझरच्या स्वभावात आहे. देताना काटेकोर असावे आणि घेताना उदार, असे एक तत्त्व जॉन पोस्टेल यांनी १९८० साली संगणकांच्या आपसांतल्या संभाषणासाठी मांडले होते. ब्राउझरांनी त्यातला उदारपणा मनापासून उचलला. चुकीचे पान दाखवायला जो ब्राउझर नकार देईल, त्याला सोडून लोक दुसरा घेणार, हे उघडच होते. म्हणून प्रत्येक जण लिहिणाऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधून पान उभे करू लागला. अडचण एवढीच, की प्रत्येकाचा अंदाज निराळा. त्या काळात चूक म्हणजे खरोखर जुगार होता. एका ब्राउझरमध्ये सरळ दिसणारे पान दुसऱ्यात वाकडे दिसे.

मग २००० साली एक्सएचटीएमएल आले आणि लंबक दुसऱ्या टोकाला गेला. त्यातली कडक पद्धत अशी, की एक खूण मिटायची राहिली तरी वाचणाऱ्यापुढे पानाऐवजी चुकीचा निरोप उभा राहायचा. चूक यजमानाची आणि उपास पाहुण्याला! हे फार काळ चालण्यासारखे नव्हते. २००४ साली ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्याकडची मंडळी एकत्र आली आणि त्यांच्या कामातून पुढे एचटीएमएल ५ उभे राहिले. २०१४ साली कन्सॉर्शियमने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की बरोबर पान कसे वाचावे एवढेच सांगून ते थांबत नाही. चुकलेले पान कसे वाचावे, तेही पायरीपायरीने सांगते. त्यामुळे आजचे चुकलेले पान सगळ्या ब्राउझरमध्ये सारखेच उभे राहते. अपंगांना वेब वापरता यावी म्हणून असलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत खुणांच्या शुद्धतेबद्दल ४.१.१ क्रमांकाची एक कसोटी होती. तीही २०२३ च्या आवृत्तीतून काढून टाकली गेली.

तेव्हा आता यादी फाडून टाकावी काय? तसे नाही. आम्ही दोघे ती घेऊन बसलो. ६४ पैकी ४१ तक्रारी 'सेंटर' आणि 'फॉन्ट' या जुन्या खुणांबद्दल होत्या. नियमाने त्या बाद झाल्या आहेत, पण ब्राउझर अजून त्यांना मान देतात. पगडी जुनी झाली म्हणून डोके बिघडत नाही. पुढच्या १६ तक्रारींचे मूळ एकच निघाले : एक दुवा मिटायचा राहिला होता आणि त्याच्या पोटी पुढच्या १५ जन्मल्या होत्या. तो एक मिटवला आणि सोळाही गेल्या. म्हणून यादी नेहमी वरून वाचावी आणि एक दुरुस्ती झाली की पुन्हा तपासावी. उरल्या ७. त्यांत ६ छायाचित्रांना पर्यायी मजकूर नव्हता, म्हणजे ज्याला चित्र दिसत नाही त्याला ते कशाचे आहे हे कळायला मार्ग नव्हता. आणि सभासदाच्या अर्जात दोन चौकटींना एकच आयडी दिला गेला होता. 'दूरध्वनी' या शब्दाला बोट लावले, की लिहिण्याची रेघ 'नाव' या चौकटीत जाऊन उभी राही. डोळस माणूस हसून चौकट बदलेल. कानाने वाचणारा मात्र नावाच्या जागी दूरध्वनीचा क्रमांक लिहून मोकळा होईल.

कानाने वाचणारे असे आमच्या वाचनालयात आहेत. एका निवृत्त गुरुजींची दृष्टी गेली आहे. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली ते वापरतात. त्यांना बोलावून आम्ही ते पान ऐकवले. अधूनमधून एखादा इंग्रजी शब्द, एखादा आकडा आणि मराठी मजकुराच्या जागी शांतता. गुरुजी म्हणाले, "अहो, हे वाचनालय इंग्रजांचं आहे की काय?" कारण साधे होते. पानाच्या अगदी पहिल्या खुणेत भाषा सांगावी लागते. मुलाने वापरलेल्या तयार साच्यात तिथे इंग्रजीची 'ईएन' ही खूण होती आणि ती तशीच राहिली होती. तिच्यावर विश्वास ठेवून यंत्राने इंग्रजी आवाज लावला, आणि त्या आवाजाला देवनागरी येत नव्हती. तिथे मराठीची 'एमआर' ही खूण घातली आणि गुरुजींना पुस्तकांची नावे ऐकू येऊ लागली.

ही चूक त्या ६४ मध्ये नव्हती. 'ईएन' ही खूण नियमाने शुद्धच आहे, मग तपासनीस तिला चूक म्हणून मोजणार कशी? फार तर एखादी सौम्य सूचना देईल. ज्या चुकीने वाचकाला दारातूनच परत पाठवले, ती यादीत शून्य. ज्यांनी कुणाचे काही बिघडले नाही, त्या ४१. कार्यवाहांनी विचारले, "म्हणजे चुका नेमक्या किती?" मी म्हटले, "चौसष्टांतल्या आठ, आणि पासष्टावी सर्वांत आधी." बरीच खळखळ होऊन पुढच्या बैठकीत मुलाचे पैसे मंजूर झाले.

यावरून तपासनिसाला हसू नये. पानाचे शीर्षक सांगणारी 'टायटल' ही खूण मिटायची राहिली, तर पुढचे सगळे पान ती गिळून टाकते आणि पडदा कोरा राहतो. अशी चूक तो क्षणात दाखवतो. शिवाय निरुपद्रवी चुकांचा पसारा तसाच पडू दिला, तर त्या गर्दीत उद्या एखादी जीवघेणी चूक दडून बसेल. म्हणून सवड मिळेल तशी त्या ४१ चीही वासलात लावावी, असे मी मुलाला सांगितले. पण क्रम सोडू नये. वाचणाऱ्याचे काही अडते आहे काय, हा पहिला प्रश्न. पुढे पान दुरुस्त करणाऱ्याचे अडेल काय, हा दुसरा. नियमाचा मान तिसरा.

आणि भाषेच्या खुणेकडे तर आपल्यासारख्यांनी अधिकच लक्ष द्यावे. बेळगावच्या पानावर मराठी मजकुरात कन्नड पत्ता येतो, इंदूर-ग्वाल्हेरच्या पानावर हिंदी निवेदन येते. प्रत्येक तुकड्याला त्याच्या भाषेची वेगळी खूण देता येते. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदीहून निराळे असतात. ज्या टंकात दोन्ही वळणे आहेत, तिथे ही खूण पाहूनच ब्राउझर आपले वळण निवडतो. आपल्या घरात कोणती भाषा बोलली जाते, हे तयार साच्याला ठाऊक नसते. ते ज्याला ठाऊक आहे, त्यानेच पहिल्या ओळीत लिहायला हवे.