रांगेच्या आधी

मुंगी आपल्याला भेटते ती रांगेत. दुधाच्या पातेल्यापासून खिडकीच्या फटीपर्यंत, गुळाच्या डब्यापासून भिंतीतल्या भोकापर्यंत. माझ्या लहानपणी कराडच्या घरात फडताळाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असत आणि उंबऱ्याशी आजी हळदीची रेघ ओढी. हीच आजी संध्याकाळी परसातल्या भोकापाशी चिमूटभर पीठ-साखर टाकायची. घरात यायचं नाही आणि उपाशीही राहायचं नाही, असा तिचा मुंग्यांशी करार होता. मला तो आजही न्याय्य वाटतो.

आम्हा मुलांची खरी ओळख मोठ्या काळ्या मुंगळ्यांशी. तिन्हीसांजेला ते परसातल्या झाडांवर चढत, कोवळ्या फांद्यांवरच्या माव्याचा गोड चिकटा पीत आणि टम्म पोटाने खाली येत. बोटाला डसलेला मुंगळा ओढला तर धड हातात यायचं, डोकं कातडीला तसंच चिकटलेलं. त्या हट्टाची भीती वाटे आणि आदरही.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत असताना ग्रंथालयात जॉन लबक यांचं मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवरचं १८८२ सालचं पुस्तक हाती लागलं. इंग्लंडातले हे बँकर आणि खासदार काचेच्या तावदानांमध्ये माती घालून मुंग्या ठेवत, एकेकीला रंगाचा ठिपका देत आणि ती दिवसभर काय करते ते टिपून ठेवत. त्यांच्याकडची एक राणी सुमारे १५ वर्षं जगली. पुढे वाचलं की युरोपातल्या एका पाळलेल्या काळ्या राणीचं आयुष्य २८ वर्षांच्या वर गेलं होतं. पायाखाली येईल न येईल असा जीव, आणि एवढं आयुष्य! तेव्हाच मनात आलं, आपणही एक राणी सांभाळायची. मग नोकरी लागली, लग्न झालं, बदल्या झाल्या; ती इच्छा तशीच राहिली.

राणी मिळाली ती पुण्यात, मुलं मोठी झाल्यावर. मृगाची पहिली सर येऊन गेली होती. जिन्यातल्या दिव्याखाली भिंतीच्या कडेने एक जाडजूड मुंगी एकटीच चालली होती. पाठीवर पंखांच्या खुणा होत्या, पंख नव्हते. हवेत नराशी मीलन झालं की राणी खाली उतरते आणि पायांनी रेटून आपले पंख आपणच मोडून टाकते. नर थोड्याच काळात मरतात. त्या एका उड्डाणात मिळालेलं बीज ती पोटातल्या पिशवीत जपते आणि पुढे वर्षानुवर्षं त्यावरच अंडी घालते.

परीक्षानळीत तळाला पाणी घेतलं, त्यावर कापसाचा घट्ट बोळा बसवला, राणीला आत सोडलं आणि तोंडाला दुसरा बोळा लावला. नळीला काळा कागद गुंडाळून ती कपाटाच्या खणात ठेवली. धाकटी बहीण आली होती. तिने विचारलं, "ताई, हिला खायला काय घालणार?"

"काही नाही."

"अगं, मग मरेल की ती!"

मरत नाही. मुंगळ्याची राणी जमिनीत स्वतःला कोंडून घेते आणि पहिली लेक मोठी होईपर्यंत अन्नाला शिवत नाही. पंख हलवणारे छातीतले दणकट स्नायू आता तिच्या कामाचे नसतात. ते शरीरातच विरघळतात, त्यांवर आणि साठवलेल्या चरबीवर ती जगते आणि त्यातूनच पिलांना भरवते. तिला हवा असतो फक्त अंधार आणि शांतता. वरचेवर उजेड पडला, हादरे बसले, तर ती स्वतःचीच अंडी खाऊन टाकते. त्यामुळे मी खण क्वचितच उघडत असे. आधी अंड्यांचा पांढरा पुंजका दिसला, मग अळ्या, मग तपकिरी कोष. नारळी पौर्णिमेच्या सुमारास कोष चिरून पहिली कामकरी बाहेर आली. फिकट, लहानखुरी, अंगणातल्या मुंगळ्यांपुढे अगदीच चिमणी. पहिल्या खेपेच्या सगळ्या लेकी अशाच खुज्या असतात, कारण आईजवळ द्यायला तेवढंच असतं. साखरपाण्याचा पहिला थेंब त्या लेकीने पोटात भरून घेतला, मागे वळली आणि आईच्या तोंडात ओतला. दोन महिन्यांनी राणीच्या पोटात पडलेला तो पहिला घास. मी जे काही डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यात याच्या तोलाचं फार थोडं आहे.

पुढची वर्षं सोपी गेली. नळी अपुरी पडल्यावर प्लॅस्टरचं घरटं केलं, नळीवरचा काळा कागद काढला, आणि उजेड नको म्हणून मुंग्याच पिलं उचलून नव्या अंधारात गेल्या. कुटुंब वाढलं तसे मोठ्या डोक्याचे, रुंद जबड्याचे मुंगळे जन्मले. सुरुवातीच्या गरिबीत ते होत नाहीत. अळ्यांना वाढीसाठी किडे लागतात, म्हणून घरात औषध फवारणं कायमचं बंद झालं. विषारी झुरळाचा एक तुकडा सगळं कुटुंब संपवू शकतो. डब्याच्या कडेला आतून टाल्कम पावडरचा पट्टा असतो, त्यावर त्यांचे पाय ठरत नाहीत. आजीच्या रेघेचं काम आता तो करतो.

२०२५ साली केनियातून एक बातमी आली. बेल्जियमचे दोन तरुण सुमारे ५,००० मुंग्यांसह पकडले गेले. त्यांत बहुतेक राण्या होत्या, युरोप-आशियातल्या हौशी लोकांना विकण्यासाठी गोळा केलेल्या. न्यायालयाने १० लाख केनियन शिलिंग दंड केला. कापूस लावलेल्या दोन हजारांवर नळ्यांचा फोटो पाहिला आणि पोटात कालवलं, कारण नळी तीच, बोळाही तोच. त्या मातीतून एकेक राणी उचलली म्हणजे एकेक न वसलेलं वारूळ उचललं. आणि परमुलखात ती निसटली, तर तिथल्या मुंग्यांच्या जिवावर उठू शकते. ही हौस माझी आहे, म्हणूनच सांगते: विकत मिळणारी राणी घेऊ नये, आणि परदेशातली तर मुळीच नको.

मृगाच्या सरींनंतर बाहेर पडणाऱ्या राण्यांपैकी फार थोड्या वाचतात. बाकीच्यांना पाली, बेडूक, साळुंक्या खातात, काही आपल्या चपलेखाली येतात. यंदा पाऊस पडून गेल्यावर जिन्यात, गच्चीवर, अंगणात अशी एकटी, जाड, पंख नसलेली मुंगी दिसली, तर पाय बाजूला घ्या आणि तिला मातीपर्यंत जाऊ द्या. पाळायचीच असेल, तर आपल्या अंगणातली एकच घ्या, आणि पुढची दहा-पंधरा वर्षं तिच्यासाठी राखून ठेवा.