आधी काय संपवायचं?

होळीला पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजायला ठेवतात, तेव्हाच तिच्यात चांगलं सढळ पाणी घातलेलं असतं. डाळ शिजली की ते निथळून घ्यायचं, त्यात थोडं पुरण, चिंच, गोडा मसाला घालायचा आणि वरून खमंग फोडणी द्यायची. कटाची आमटी तयार. हिला कुणी उरल्यासुरल्याचा पदार्थ म्हणत नाही, कारण पोळ्यांचा बेत ठरला तेव्हाच कटाचीही सोय ठरलेली असते. मराठी स्वयंपाकात अशी आधीच लावलेली सोय जागोजागी सापडते. दोडक्याच्या शिरांची तीळ-खोबरं घालून चटणी होते, मुळ्याच्या पाल्याची भाजी होते, कलिंगडाच्या सालीलगतचा पांढरा गर किसून थालीपिठात जातो. कोकणात तर फणसाच्या आठळ्या पावसाळ्यातल्या भाज्यांसाठी जपून ठेवतात.

काटकसर म्हणजे उरलेलं संपवणं, असा एक समज आहे. रोज ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या प्रस्तुत लेखिकेला मात्र ठामपणे वाटतं, की पैसा वाचतो तो त्याच्या कितीतरी आधी, मांडणीत. बहुतेक घरांत डाळी एका फळीवर, पिठं दुसऱ्या आणि मसाले तिसऱ्या फळीवर असतात. दिसायला हे नीटनेटकं दिसतं. पण रवा, गव्हाचं पीठ आणि दाण्याचं कूट यांचं आयुष्य निरनिराळं असतं. कोणता डबा पुढे यायला हवा, हे त्यातल्या जिन्नसाच्या उरलेल्या दिवसांवरून ठरवावं. नवं वाण्याचं सामान आलं की आधी जुन्या डाळीचा डबा रिकामा करावा, पुसावा, मगच नवी भरावी. जुनीवर नवी ओतली की तळातली डाळ महिनोन्‌महिने तळातच राहते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 साली दिलेल्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं साठ टक्के घरांमधलं होतं. यात सालं, हाडं, बियाही धरलेल्या आहेत. तरीही हॉटेलं आणि दुकानं मिळूनसुद्धा घरांइतकी नासाडी करत नाहीत, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

धान्याला कीड लागते ती बऱ्याचदा बाहेरून येत नाही. सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते आणि ते भोक बुजवून टाकते. अळी आतच वाढते. उबदार हवेत सुमारे महिन्याभराने पूर्ण वाढलेला किडा बाहेर पडतो, तेव्हा आपल्याला कळतं. वर्षाचे गहू मे महिन्यात कडकडीत उन्हं देऊन भरतात ते यासाठीच. ओलावा जितका कमी, तितकी किडीची वाढ अवघड. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळणं, रवा भाजून मगच डब्यात भरणं या जुन्या सवयींमागेही किडीला वाढू न देण्याचाच विचार आहे. आता शहरातल्या लहान घरात ऊन द्यायला गच्ची नसेल, तर वर्षाचं धान्य भरण्याचा हट्ट सोडलेला बरा. घाऊक भावात वाचलेले पैसे किडक्या गव्हात जातात.

कांद्याचंही तसंच. खरिपाचा लाल कांदा पाणीदार, तो टिकत नाही. उन्हाळ कांदा मात्र चाळीत पाच-सहा महिने राहतो. नाशिककडचे शेतकरी तो याच भरवशावर साठवतात. म्हणून मे महिन्यात थोडा जास्त घ्यायचा तो उन्हाळ कांदाच, आणि तोही हवेशीर टोपलीत, बटाट्यांपासून दूर. बटाट्याला अंधार हवा, पण फ्रिज नको. फार थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना काचऱ्या काळपटतात.

फ्रिज हे घरातलं सर्वांत खर्चिक फडताळ, आणि सर्वांत दाट विस्मरणही तिथंच. दाराचे कप्पे त्यातल्या त्यात उबदार असतात, तरी दुधाची पिशवी नेमकी तिथंच जाते. तिथं लोणची, सॉस, जॅम ठेवावेत आणि दूध आत. पिकलेली केळी आणि टोमॅटो इथिलीन वायू सोडतात, त्यांच्या शेजारच्या पालेभाज्या लवकर पिवळ्या पडतात. मेथी, कोथिंबीर निवडून, न धुता, कोरड्या कापडात गुंडाळून वेगळ्या डब्यात ठेवली तर बरेच दिवस हिरवी राहते. डोळ्यांसमोरचा कप्पा मात्र एकाच कामासाठी मोकळा असावा. आज-उद्या संपवायच्या गोष्टी तिथं, आणि शक्यतो काचेच्या भांड्यात. स्टीलचा झाकलेला डबा उघडून पाहायचा कंटाळा येतो, हे प्रत्येक घरात घडतं.

कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकाने (1970) वाटी-चमच्याची मापं घरोघरी नेली. तांदळाच्या डब्यात एक ठरलेली वाटी कायमची टाकून ठेवली, की रोज अंदाजाने घातलेली जास्तीची मूठ टळते. वाटीभर तांदळाचा जवळपास तीन वाट्या भात होतो, त्यामुळे त्या मुठीचा हिशोब मोठा आहे.

जपण्यालाही मर्यादा आहेत आणि त्या काटेकोर पाळायला हव्यात. फोडणीचा भात करायचा असेल तर रात्रीचा भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. भातातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि त्यांनी तयार केलेलं विष नंतरच्या फोडणीनेही जात नाही. बुरशी आलेले शेंगदाणे निवडून भाजायचा मोह तर अजिबात नको. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन भाजून पूर्ण नष्ट होत नाही आणि त्याने यकृताला इजा होते. ते दाणे फेकायचेच. पाकिटावरच्या ‘बेस्ट बिफोर’ तारखेचा अर्थ मात्र वेगळा आहे. ती तारीख चवीची आणि दर्जाची असते. नीट ठेवलेला पोह्यांचा बंद पुडा दुसऱ्या दिवशी टाकून द्यायची गरज नाही. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ची तारीख मात्र तंतोतंत पाळावी.

बाजाराची यादी सोफ्यावर बसून करू नये. फ्रिज उघडून आणि फळीवरचे डबे हलवून पाहत ती करावी. अर्धा कोबी, दोन गाजरं आणि मूठभर मटार शिल्लक दिसले तर त्या रात्री मसालेभात होतो, आणि तिन्ही भाज्या यादीतून उतरतात.