खिंडीपलीकडची पाटी

मी बेळगावचा. पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा कुठली भाषा वर नि कुठली खाली, हे मला आधी दिसतं.

इटलीतल्या डोलोमाइट पर्वतात तीन सुळके आहेत, त्यांना वळसा घालायला निघालो होतो. औरोंझोच्या निवाऱ्यापर्यंत गाडी जाते. टोल पुतण्याने भरला; मी मनात त्याचे रुपये केले आणि गप्प बसलो. तिथून रुंद, सोपी वाट. पाट्या इटालियन. पुतण्या म्युनिकला असतो, पायाला चाकं लावल्यासारखा चालतो. "काका, लोकातेल्लीला भेटू," म्हणून दिसेनासा झाला.

मग चढ लागला. पांढरा घसारा, पाऊल टाकावं तर अर्धं मागे. आपला सह्याद्रीचा कातळ निदान बूट धरून ठेवतो. 2,454 मीटरवरच्या खिंडीत धापा टाकत डावीकडे मान वळवली, तर तिन्ही सुळके जवळ उभे. मधला 2,999 मीटर. एका मीटरने तीन हजार हुकलेत बिचाऱ्याचे.

पलीकडे उतरलो आणि पाटी बदलली. वर जर्मन, खाली इटालियन: ड्रायत्सिनेनह्युटे, लोकातेल्ली. मला वाटलं, निवारे दोन. समोरून काठी टेकत एक म्हातारबाबा येत होते. विचारलं, "लोकातेल्ली?" त्यांनी थांबून, एकेक अक्षर सुटं करत सांगितलं, "ड्राय-त्सिनेन-ह्युटे." आणि काठीने समोरचं एकुलतं एक घर दाखवलं.

पहिल्या महायुद्धाआधी ऑस्ट्रिया-इटलीची सीमा याच खिंडीतून जायची. मे 1915 मध्ये तोफांनी तो निवारा जाळला. तो चालवणारा वाटाड्या सेप इनरकोफ्लर 4 जुलैला शेजारच्या पाटेर्नकोफेलवर लढताना गेला. युद्धानंतर खिंडीपलीकडचा दक्षिण टिरोल इटलीकडे आला आणि एत्तोरे तोलोमेईने जमवलेली, पुष्कळशी घडवलेली इटालियन नावं फॅसिस्ट राजवटीत सक्तीची झाली. ड्रायत्सिनेनह्युटे म्हणजे तीन सुळक्यांचं घर. लोकातेल्ली हे मात्र एका इटालियन वैमानिकाचं आडनाव. भाषांतर नव्हेच ते.

आत पुतण्याने सूप मागवून ठेवलं होतं. त्यातल्या पावाच्या गोळ्यालाही दोन नावं, क्नोडेल आणि कानेदेर्ली. भूक इतकी होती की मी कुठलंच घेतलं नाही.

त्या म्हातारबाबांचा राग मात्र आला नाही. वाटेत कुणी "बेळगावीला कसं जायचं?" विचारलं, तर मीही आधी "बेळगाव" म्हणतो, मग रस्ता दाखवतो.