जुन्या विंडोजचे बिऱ्हाड

परवा आमच्या घरात एका संगणकाला भागाकार आला नाही. मी पेशाने शाळामास्तर. शून्याने भागू नये हे मुलांना बजावता बजावता माझे खडू झिजले. पण ज्याच्या पोटात क्षणाला कोट्यवधी बेरजा होतात अशा यंत्राने माझ्या डोळ्यांदेखत शून्याने भागायला घ्यावे आणि तत्काळ आडवे व्हावे, हे मी प्रथमच पाहिले. मला मोठी मौज वाटली. मग भाच्याने कारण समजावून सांगितले, तेव्हा अंमळ वाईटही वाटले. ती चूक मठ्ठपणाची नव्हती, भाबडेपणाची होती.

झाले होते असे. माझा संगणक नवा, पण त्याच्या आत आम्ही विंडोज ९५ चे बिऱ्हाड थाटायला निघालो होतो. हे विंडोज २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आले. ते सुरू होताना आपण कितपत वेगाच्या यंत्रावर आहोत याचा अंदाज घेते. तेव्हा त्याच्या नेटवर्क सांभाळणाऱ्या भागाची रीत अशी, की अमुक लाख वेळा मोजायचे, त्याला किती वेळ लागला ते पाहायचे आणि त्या वेळाने भागायचे. इतक्या मोजणीला थोडा तरी वेळ लागेलच, असे ते लिहिणाऱ्याने गृहीत धरले होते. आजचे यंत्र ती मोजणी एवढ्या झटपट उरकते की लागलेला वेळ शून्य भरतो. झाला घात! कोणी इतके घाईत असेल अशी कल्पनाच त्या बिचाऱ्या विंडोजच्या मनाला शिवली नव्हती. असली जुनी यंत्रे जपणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांतल्याच कोणी तरी केलेली एक छोटी दुरुस्ती भाच्याने शोधून आणली, तेव्हा कुठे गाडे पुढे सरकले.

संगणकाच्या आत संगणक म्हणजे काय, असे तुम्ही विचाराल. आम्हा रत्नागिरीकरांना ते समजायला जड नाही. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५ साली पदच्युत झाला आणि इंग्रजांनी त्याला आमच्या गावी आणून ठेवले. १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा उभा राहिला आणि १९१६ साली इथेच तो वारला. वाडा होता, चाकर होते. नव्हते ते फक्त राज्य. व्हर्च्युअल मशीनची गोष्ट अशीच. जुन्या विंडोजसाठी एक खोटा वाडा उभा करायचा. खोटा प्रोसेसर, खोटी डिस्क, खोटा फ्लॉपीचा खण, आणि नव्या संगणकाच्या अफाट मेमरीतून चतकोर तुकडा त्याच्या नावावर. आतल्या विंडोजला वाटते आपण १९९७ सालच्या खऱ्याखुऱ्या यंत्रावर नांदतो आहोत. बाहेरची प्रत्येक वस्तू सोंग घेऊन उभी असते. ही युक्तीही काही आजची नव्हे. १९६० नंतरच्या दशकात आयबीएमच्या मंडळींनी अमेरिकेतल्या केंब्रिज गावी एकाच अवाढव्य यंत्राला अनेक यंत्रांची सोंगे घ्यायला शिकवले होते. तेव्हा हेतू काटकसरीचा होता. आज हौशी लोक तीच युक्ती जुन्या दिवसांकरिता वापरतात.

मला मात्र केवळ हौस नव्हती, नड होती.

मॅट्रिक झाल्यावर, १९९७ च्या पावसाळ्यात, राम आळीजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात मी चिकटलो. दुकानाच्या मालकांना सारा गाव भाऊ म्हणे. भाऊ मूळचे खिळे जुळवणारे. ट्रेडलच्या छापखान्यात त्यांचा जन्म गेला. पन्नाशीला आल्यावर त्यांनी छापखाना मोडला आणि कर्ज काढून संगणक घेतला. त्यांना तो नीट चालवता येत नसे. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, गिधाडाने झडप घालावी तसे ते टंकत. म्हणून मला ठेवलेले. दिवसा लग्नपत्रिका, हँडबिले, सत्यनारायणाची आमंत्रणे. आणि रात्री दुकान बंद झाल्यावर माझी पहिली कादंबरी. वीज माझी नव्हे, यंत्र माझे नव्हे, कागदसुद्धा माझा नव्हे. भाऊंनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढले नाही.

गेल्या वर्षी भाऊ गेले. दुकान विकायचे ठरले तेव्हा पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलाने मला एक खोके आणून दिले. म्हणाला, "दादा, यावर तुमचं नाव आहे." आत विंडोजची नि पेजमेकरची मूळ तबकडी आणि फ्लॉप्या. कोकणातला पाऊस माणसाच्या हाडांत शिरतो, तो फ्लॉपीला काय सोडणार! दोघींवर बुरशीची लव आली होती. तिसरी चरचर करून गप्प बसली. चार वाचता आल्या. प्रत्येकीत मावणार १.४४ मेगाबाइट, म्हणजे आजच्या मोबाइलमधला एखादा फोटोसुद्धा धड नाही. पण त्या चारांत माझी तीन वर्षे होती.

आता अडचण पाहा. ते लिखाण पेजमेकरमध्ये. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. पुढे तो बंद पडला, आणि नवे कार्यक्रम त्याच्या फायलींना ओळख देत नाहीत. त्यातून खटपट करून मजकूर बाहेर ओढलाच, तर दिसतो काय? टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरे, डोक्यावर टिंबे दिलेली इंग्रजी अक्षरे, पौंडाची खूण, उलटे प्रश्नचिन्ह. माझा नायक समुद्रकाठी बसून विरह सोसतो आहे आणि पडद्यावर जणू कुणी फ्रेंच माणूस शिंकतो आहे!

याचे कारण आमच्या लिपीच्या तेव्हाच्या हालअपेष्टांत आहे. त्या काळी विंडोजला देवनागरी ठाऊकच नव्हती. तिच्याजवळ अक्षरांसाठी जेमतेम २५६ घरे, आणि तीही इंग्रजी व युरोपी अक्षरांनी व्यापलेली. मग श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशी सॉफ्टवेअरे आली. त्यांनी त्याच घरांत मराठी भाडेकरू घुसवले. इंग्रजी अक्षराच्या नावाखाली आमचा काना, आमची मात्रा, आमचा अर्धा श. मराठीची सगळी जोडाक्षरे तेवढ्या घरांत मावणार कशी? म्हणून अक्षरांचे तुकडे केले आणि तुकडे जोडून शब्द उभा केला. त्यातही ज्याची त्याची वाटणी निराळी. एकाच्या फाँटमध्ये जिथे वेलांटी तिथे दुसऱ्याच्या फाँटमध्ये उकार. 'कि' लिहायचे तर यंत्र आधी वेलांटी साठवी, मग क. कारण त्याला उच्चाराशी कर्तव्य नव्हते, डावीकडून दिसेल तसे मांडायचे एवढेच. भाऊंना हे लगेच पटले होते. "म्हणजे खिळेच की रे हे!" ते म्हणाले होते. खिळेच ते. फाँट असेल तोवर मराठी; तो गेला की उरतो भंगार खिळ्यांचा ढीग. पुढे युनिकोड रुळले, विंडोज २००० पासून देवनागरीला हक्काची घरे मिळाली, आणि 'कि' म्हणजे आधी क आणि मग वेलांटी हे यंत्राला कळू लागले. आज आपण मोबाइलवर अंगठ्याने मराठी लिहितो त्यामागे ही घरदुरुस्ती आहे. पण मधल्या वर्षांत मराठीत जे टंकले गेले, त्यातले किती आज असे मुके होऊन कपाटांत पडले असेल!

तर अशा रीतीने थिबाचा वाडा सजला. ढगांचे चित्र आले आणि मग ती सुरुवातीची धून वाजली. ब्रायन ईनो नावाच्या नामवंत संगीतकाराने ती केली. त्यानेच पुढे सांगितले आहे की ती त्याने विंडोजवर नव्हे, मॅकिंटॉशवर रचली! मला वाटले होते, धून ऐकताच डोळे भरून येतील. तसे काही झाले नाही. पत्त्यांचा एक डाव लावला, सुटला नाही. हिरवट पडदा, करडी बटणे, सगळे होते तसे होते आणि पाच मिनिटांत मला कंटाळा आला. खरे सांगायचे तर जुन्या दिवसांची ही मौज फसवी आहे. तेव्हाचे यंत्र सुरू व्हायला जो वेळ घेई त्या वेळात भाऊ चहा सांगत, कोपऱ्यावरचा पोऱ्या तो आणी, वीज जाई, यूपीएस किंचाळे. आता विंडोज ९५ डोळे मिटून उघडायच्या आत उभे राहते. चहाला सवडच नाही.

"मामा, एवढ्यासाठीच का हे सगळं?" भाच्याने विचारले. मी त्याला फ्लॉपी उघडायला सांगितली.

पहिल्या प्रकरणाची ओळ उमटली. मराठीत! माझी नसावी इतकी अलंकारिक, पण माझीच. आणि तिसऱ्या पानावर दुहेरी कंसात एक वाक्य आले, ते माझे नव्हते. "या बाईने दोन पानांत तीनदा चहा केला. साखर कुठून आणते?" मला विसरच पडला होता. मी रात्री टंकून गेलो की सकाळी दुकान उघडल्यावर भाऊ ते वाचीत आणि दोन बोटांनी मधेच शेरे घालून ठेवीत. मी चिडून ते पुसून टाकी. या फ्लॉप्यांत मात्र पुसण्यापूर्वीची प्रत राहिली होती. "मुलगा घर सोडून गेला. आईला सांगून गेला का?" "समुद्राचे वर्णन पुरे. भरती आली की ओहोटी ते सांग." भाचा खो खो हसत होता. मीही हसलो. चोवीस वर्षांनी पाहिले, तर प्रत्येक शेरा बरोबर होता.

तिसऱ्या फ्लॉपीवर एक लग्नपत्रिका निघाली, आणि माझे हसू थांबले.

ती पत्रिका मला चांगली ठाऊक. मे २००१ मध्ये मुहूर्त चुकीचा छापला गेला. ११ वाजून ३५ मिनिटांचे १२ वाजून ३५ झाले. चारशे पत्रिका रद्दीत गेल्या. भाऊंनी पदरमोड करून नव्या छापल्या आणि मला एवढेच म्हणाले, "मेल्या, जरा बघून टंकत जा." मी एकवीस वर्षांचा, त्यातून कादंबरीकार! मी शपथेवर सांगितले की माझ्याकडून बरोबर गेले होते, मागून तुम्हीच हात लावला असणार. आणि दुकान सोडले. पुढे हे मी अनेकांना सांगितले. आमच्या हिलासुद्धा. आता फाइल समोर होती. मुहूर्त १२ वाजून ३५. शेजारी तारीख होती, आणि त्या दिवशी भाऊ कोल्हापूरला गेले होते. दुकानात मी एकटा होतो. दुरुस्त केलेली दुसरी फाइल खालीच होती. भाऊंना सारे ठाऊक होते. राम आळीत ते पुढे कितीदा तरी भेटले, "काय लेखक?" म्हणून हसत, आणि मी घाईत असल्यासारखे करून पुढे जाई.

चौथ्या फ्लॉपीवर शेवटचे प्रकरण होते. ते तिथे असायचे कारण नव्हते. मी ते टंकलेच नव्हते. दुकान सोडले तेव्हा हस्तलिखिताची वही तिथेच राहिली, ती मागायला जाणे माझ्या मानी स्वभावाला रुचले नाही. शेवट मी घरी बसून नव्याने लिहिला, आणि तोच पुढे पुस्तकात छापला गेला. पुस्तकातला मुलगा घरी परतत नाही. वहीतला परततो. आता पडद्यावर तो परतत होता. अकरा पाने, जुलै २००१. कुठे दोन शब्दांत जागा सुटलेली नाही, कुठे रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसलेला. दोन बोटांची अकरा पाने. किती रात्री लागल्या असतील! शेवटी दुहेरी कंस होता.

"शेवट चांगला आहे. वही उजव्या खणात ठेवली आहे. येऊन घेऊन जा."

भाऊंच्या मुलाला फोन केला. ते टेबल दुकानाबरोबर गेले. खणांतले कागद त्याआधीच रद्दीवाल्याने नेले.

भाचा पाणी प्यायला गेला तेव्हा मी त्या कंसाखाली टिचकी मारली. 'आलो' असे लिहिणार होतो. पडद्यावर एक अर्धा ष उमटला, मग एक सुटी वेलांटी, मग नुसता उकार. मराठी टंकायच्या त्या सॉफ्टवेअरला एक लॉक लागे. आगपेटीएवढे, संगणकाच्या पाठीमागे खोचायचे. ते खोक्यात नव्हते, आणि असते तरी नव्या संगणकाला ते खोचायची जागाच नाही. फाँट असल्यामुळे वाचता येते. लिहिता येत नाही.

उमटलेले तुकडे मी एकेक करून पुसले. भाचा परत आला आणि म्हणाला, "मामा, करू का बंद?" त्याने खिडकी मिटायला घेतली तसे व्हर्च्युअल मशीनने विचारले की वीज तोडू, रीतसर बंद करू, की आहे या स्थितीत ठेवून देऊ. आहे तसेच ठेव म्हटले.