लवंग, खोबरं आणि ५० टक्के

व्हिस्कीच्या चवीबद्दल लिहिणाऱ्यांची एक ठरलेली भाषा असते. आधी नाकाला काय लागलं, मग जिभेवर काय आलं, गिळल्यावर मागे काय रेंगाळलं. व्हॅनिला, लवंग, संत्र्याची साल, जुनं चामडं, तंबाखू, ओलं लाकूड. ही वर्णनं मी आवडीने वाचते आणि अधूनमधून माझ्या वहीत तशीच चार ओळी खरडतेही. या वर्णनांत एक गोष्ट मात्र सहसा सापडत नाही, ती म्हणजे दारू. बाटलीत जवळजवळ निम्मं अल्कोहोल असतं, पण चवीच्या यादीत त्याचं नाव नसतं.

मराठीत नेमकं उलट आहे. 'दारू' या शब्दाला आपल्याकडे चवच नाही. घेतली, चढली, उतरली, सुटली, पुन्हा लागली अशी क्रियापदं हवी तेवढी आहेत. ती कशी लागते, हे सांगायला 'कडक'च्या पुढे विशेषण नाही. चवीचं कौतुक करायचं ते चकण्याचं. मी वाढले त्या घरात तर हा शब्दही मोठ्याने उच्चारत नसत, कारण तो आत्याला लागेल.

मी गेली बारा वर्षं पिट्सबर्गला राहते. इथे आल्यावर मला राय व्हिस्कीची गोडी लागली. राय म्हणजे आपली मोहरी-राई नव्हे. गव्हाच्याच कुळातलं, कडक थंडी सोसणारं आणि हलक्या जमिनीतही येणारं हे धान्य. युरोपातल्या काळ्या, आंबट पावाचं. अमेरिकेतल्या कायद्याप्रमाणे राय व्हिस्कीच्या धान्यात निदान ५१ टक्के राय लागते आणि ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप पुन्हा चालत नाही.

पश्चिम पेनसिल्व्हेनिया हे या दारूचं माहेर. अठराव्या शतकात इथल्या शेतकऱ्यांना धान्य डोंगरापलीकडच्या बाजारात नेणं परवडत नसे. त्याच धान्याची दारू काढली की घोड्याच्या पाठीवर कितीतरी जास्त किमतीचा माल मावायचा. १७९१मध्ये हॅमिल्टनने दारूवर कर बसवला आणि हे शेतकरी बिथरले. १७९४मध्ये बंड मोडायला जॉर्ज वॉशिंग्टनने सुमारे तेरा हजारांची फौज उभी केली. दोघांना फाशीची शिक्षा झाली, पण वॉशिंग्टननेच त्यांना माफी दिली. पुढे १७९७मध्ये अध्यक्षपदावरून उतरल्यावर या गृहस्थांनी माउंट व्हर्ननला स्वतःची डिस्टिलरी काढली. १७९९मध्ये तिथे सुमारे अकरा हजार गॅलन व्हिस्की निघाली, आणि तीही मुख्यतः रायची. भट्टीवर राबणारी माणसं गुलाम होती.

हा इतिहास मला तोंडपाठ आहे, कारण इथल्या प्रत्येक छोट्या डिस्टिलरीत तो ऐकवतात. २०२४च्या ऑक्टोबरात तो आत्यानेही ऐकला.

आत्या तेव्हा माझ्याकडे दीड महिना राहायला आली होती. वय ७४, सांगलीकडची. तिचे यजमान साखर कारखान्यात नोकरीला होते. कारखान्याच्या आवारात मळीचा वास बारा महिने असायचा, आणि त्याच मळीपासून निघालेली देशी संध्याकाळी घरी यायची. सत्तेचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्याआधीच्या वीस वर्षांबद्दल आत्या बोलत नाही आणि आम्हीही विचारत नाही.

त्या शनिवारी शहराबाहेरच्या एका डिस्टिलरीत आठ वर्षं मुरलेली राय विक्रीला येणार होती. एकाच पिंपातली, सगळ्या मिळून दोनशेच्या आत बाटल्या, माणशी एक. माझं नाव महिनाभर आधीपासून यादीत होतं. मी एकटीच जाऊन येणार होते, पण आत्या पायांत चपला घालून दारात उभी. म्हणाली, "अख्खा जन्म तिच्यापायी गेला माझा. कशी काढतात ते बघू तरी दे."

तिने खरंच सगळं नीट पाहिलं. राय भिजवून शिजवली की खळीसारखी चिकट होते, पंपात अडकते, फेस धरते. म्हणून बरेच लोक तिच्या वाटेला जात नाहीत. आंबवणाच्या टाकीवर वाकून आत्या म्हणाली, "हे तर आपल्या आंबोळीच्या पिठासारखं." तांब्याची उंच भट्टी तिला आवडली. तांबं गंधकाचे घाणेरडे वास धरून ठेवतं, असं तिथला मुलगा सांगत होता. मी भाषांतर केलं. आत्याला वेगळंच कुतूहल होतं: "एवढं तांबं घासतात कशाने?"

गोदामात पिंपांच्या रांगा होत्या. भट्टीतून निघते तेव्हा ही दारू पाण्यासारखी पांढरी असते. पुढचा सगळा रंग लाकडाचा. उन्हाळ्यात ती लाकडात शिरते, हिवाळ्यात बाहेर येते आणि दर वर्षी थोडी उडून जाते. आठ वर्षांत दोनशे लिटरच्या पिंपातला पाव ते तिसरा हिस्सा असाच हवेत जातो. त्याला इंग्रजीत देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळूर-गोव्याच्या उष्णतेत हे देवदूत वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास नेतात, त्यामुळे तिकडे इतकी वर्षं थांबणं परवडत नाही. आत्याला हे पटलं. "उडाली तेवढी बरी," म्हणाली.

मग दारूबंदीची गोष्ट आली. १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षं अमेरिकाभर बंदी होती आणि त्यातून इथली राय नीट सावरलीच नाही. ही गोष्ट सांगताना नेहमी एक विनोद होतो. भिंतीवर काळ्या कपड्यातल्या एका दणकट बाईचं चित्र असतं, एका हातात बायबल, दुसऱ्यात कुऱ्हाड. ती कॅरी नेशन. १९००पासून कॅन्ससमधले गुत्ते तिने दगडांनी, मग कुऱ्हाडीने फोडले. मुलाने तिची नक्कल केली, सगळे हसले. मीही हसत होते. आत्याने विचारलं, "कोण गं ही?" मी सांगितलं. तिचा पहिला नवरा डॉक्टर होता, दारूने गेला, हेही सांगितलं.

"मग बरोबर केलं तिने," आत्या म्हणाली.

महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायला मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. आत्याच्या गावात असं मतदान झालं तेव्हा ती दारोदार फिरली होती. तरी थोडी मतं कमी पडली. दुकान आजही आहे. कॅरी नेशनचं चित्र तिने पुन्हा एकदा जवळ जाऊन पाहिलं. माझं हसू मात्र तिथेच थांबलं.

शेवटी मुलाने प्रत्येकाच्या तळहातावर भट्टीतल्या ताज्या दारूचे चार थेंब टाकले. हात चोळा आणि वास घ्या, म्हणाला. आत्यानेही हात पुढे केला. चोळला, हुंगला. "आधी धान्याचा येतो. भाजलेल्या भाकरीसारखा," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "वरून काही का असेना, खाली तेच आहे." आणि ती बेसिन शोधायला गेली.

बाटली १२५ डॉलरची होती. परतीच्या वाटेवर तिने किंमत विचारली, मनातल्या मनात रुपये केले, आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. घरी मी बाटली कपाटात उभी ठेवली. व्हिस्कीची बाटली वाईनसारखी आडवी ठेवायची नसते. तीव्र अल्कोहोलने बूच खराब होतं. हे ऐकून ती पहिल्यांदा मोकळी हसली. "म्हणजे अमेरिकेतही उभीच जिंकली म्हण!"

ती गेल्यावर मी बाटली उघडली. अर्धा पेग, ट्युलिपच्या आकाराचा छोटा ग्लास, आधी काहीच न मिसळता. पहिला वास लवंगेचा. हे नुसतं मानणं नव्हे: लवंगेला जो वास देतो तो युजेनॉल ओकच्या लाकडातही असतो. मागोमाग सुकं खोबरं, तेही ओकचंच. त्यातल्या लॅक्टोन नावाच्या द्रव्याचा वास नारळासारखा असतो. व्हॅनिला जाळलेल्या लाकडाचा. मग रायचा स्वतःचा सुंठीसारखा तिखटपणा आणि भाजक्या भाकरीचा खरपूसपणा. पाण्याचे चार थेंब घातल्यावर तिखटपणा मवाळ झाला आणि गूळ वर आला. सांगलीकडच्या मसाल्याच्या डब्यातल्या या वस्तू, त्या माणसाने कधी न पाहिलेल्या. चव खरोखर सुंदर आहे. आठ वर्षं कुणीतरी थांबलं होतं, हे जिभेला कळतं.

आणि खाली तेच आहे. घोट गिळल्यावर छातीत उतरणारी ऊब आणि खांदे सैल पडणं, हे लवंगेने होत नाही. खोबऱ्याने होत नाही. शनिवारची वाट बघायला लावतं ते नेमकं काय, याचं उत्तर मला फक्त चवीच्या भाषेत देता येत नाही. फक्त आत्याच्या भाषेतही देता येत नाही, कारण मग ती लवंग खोटी ठरते, आणि ती खोटी नाही. म्हणून वहीत चवीखाली मी आता आणखी दोन गोष्टी लिहिते: अल्कोहोल ५० टक्के, आणि किती घेतली.

आत्याचा दर रविवारी फोन येतो. पाऊसपाणी, गुडघे, भावकी झाली की शेवटी विचारते, "ती संपली का गं?"

मी कपाट उघडून बघते आणि खरं ते सांगते. सहा महिन्यांनी अर्ध्याहून थोडी वर होती.

"बरं," ती म्हणते. "बघून सांगितलंस ना?"